एक टप्पा, एक हात

काकू, तुमचा फोटो त्यांनी बरोबर स्टंपांच्या जागी ठेवला होता.

मुद्दाम नव्हे. मुद्दाम ठेवला असता तर मी कॉलनीच्या कमिटीचं कौतुक तरी केलं असतं. शोकसभेसाठी पार्कात खुर्च्या मांडायच्या, समोर टेबल हवं, ते डुगडुगायला नको, म्हणून जिथे जमीन सपाट दिसली तिथे टेकवलं. ती तिथेच सपाट का आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं आपण सगळ्यांनी तिथे उभं राहून बॅट आपटली आहे. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर तुम्ही, गळ्यात झेंडूचा हार. फोटोही कुठला काढला, तर बँकेच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तुम्ही कुणाला तरी 'उद्या या' असं सांगताय. पदर खोचून, पायात लेकाचे, अमेयचे, जुने कॅन्व्हसचे बूट घालून, डाव्या हातानं बॅट धरलेला एकही फोटो मिळाला नाही म्हणे. माझ्या फोनमध्ये ढीगभर आहेत. मला कुणी विचारलं नाही.

आणि तुमच्या मागे तो बोर्ड. 'पार्क में गेंद खेलना मना है.' हारापेक्षा तोच जास्त उठून दिसत होता.

मी रागावलोय, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणायचात, "सुधीर, तुझा राग म्हणजे गॅसवरचं दूध. उतू जातो, मग तू खाली बसतोस आणि शेगडी मात्र दुसऱ्यानं पुसायची." या वेळी खाली बसायला तयार नाही काकू. तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले, तरी दूध उकळतंच आहे.

सेक्रेटरीसाहेब आधी बोलले. रुमाल काढून, आवाज जड करून. "आंटी जी बड़ी ज़िंदादिल थीं. लेकिन अब क्या कहें, इस उम्र में दौड़ना-भागना, दिल पर असर तो पड़ता ही है. हम तो पहले ही कह रहे थे." आणि खुर्च्याखुर्च्यांतून माना हलल्या. हाँ भई, सही बात है. माझ्या शेजारच्या बाईंनी तर हळहळून "क्रिकेट ने ले लिया बेचारी को" असंही म्हटलं.

दिवाळीनंतर तुम्ही बॉलला हात लावला नव्हता! हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. अख्खी थंडी तुम्ही बाल्कनीत शाल पांघरून मटार सोलत बसलात, आणि त्या दुपारी सोफ्यावर टेकलात त्या उठलाच नाहीत. मी डॉक्टर नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण एवढं डोळ्यांनी पाहिलंय की तुम्ही खेळताना गेला नाहीत. न खेळताना गेलात. मग खेळावर आळ का?

आम्ही लखनऊला आलो तेव्हाची गोष्ट तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायचात, आज मी सांगतो. कंपनीनं बदली केली, सरोजिनी नगरात घर घेतलं, ओळख ना देख. पहिल्याच रविवारी मी माझ्या लेकीला, जुईला, पार्कात घेऊन आलो आणि तिच्यावर खेकसलो, "चपला घाल आधी!" तर मैदानाच्या मधून एका बाईंचा आवाज आला, "सातारा की कोल्हापूर?" मी गडबडून म्हणालो, "सातारा." तुम्ही म्हणालात, "मग मिडविकेटला उभे राहा, एक माणूस कमी आहे." ना नाव विचारलंत, ना नोकरी. दोन कॅच सोडल्यावर 'अहो'चं 'अरे' झालं. जुई तेव्हा इतकी बुजरी होती की शाळेत 'प्रेझेंट' म्हणायलाही घाबरायची. तिला तुम्ही विकेटकीपर केलंत, कारण म्हणे कीपरला ओरडावंच लागतं. ती आज घरात बोलते ते सगळं हिंदीत, पण भांडण लागलं की तोंडातून मराठी निघतं, 'रडीचा डाव!' ते तुमचं देणं. तुमच्या हयातीत मी याबद्दल तुम्हाला कधी काही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही 'फील्डिंग नीट कर' म्हणाला असतात.

काय खेळ होता तो! दुसरी-तिसरीतली पोरं, दहावीतला फैज़ान, मी, कधी ऑफिसातून परतणारा कुणी टाय सैल करून, आणि सगळ्यांत मोठ्या तुम्ही. बॅट चांगली मिळेपर्यंत तुम्ही अमीनाबादच्या बाजारातून आणलेल्या कपडे धुवायच्या धोपाटण्यानं खेळवलंत. बॅटमागे मातीत रेघा ओढून नंबर काढायचे. मोठ्यांनी डाव्या हातानं खेळायचं. फैज़ानने लहानांना खालूनच बॉल टाकायचा. एक टप्पा पडल्यावर एका हातानं झेलला तर आऊट. झाडाला लागून आला तरी चालेल, पण कुणाच्या वस्तूला लागला की बॉल मेला. अमौसी विमानतळाचं विमान डोक्यावर आलं की बॉलरनं थांबायचं, कारण बारकी पोरं वर बघून टाटा करतात आणि तेवढ्यात त्यांच्या नाकावर बॉल बसतो. लखनऊचं 'पहले आप' बॅटिंगच्या बाबतीत मात्र कुणी पाळलेलं मी पाहिलं नाही.

आणि लिंबूटिंबू. सगळ्यांत लहान असेल तो लिंबूटिंबू, तो कधी आऊट होत नाही, हे आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. त्यात तुम्ही स्वतःची भर घातलीत. भांडण मिटलं नाही तर निकाल लिंबूटिंबूनं द्यायचा आणि सगळ्यांनी मान्य करायचा. फैज़ान किती उखडला होता. "आंटी, इसको तो जूते का दायाँ-बायाँ नहीं मालूम!" तुम्ही म्हणालात, "इसीलिए तो. जिसको आउट ही नहीं होना, वो झूठ काहे बोलेगा?" अवध प्रांतातल्या पोरांना तुम्ही हा शब्द असा शिकवलात की पीहू, चार वर्षांची चिमुरडी, घरी पाहुणे आले की सांगते, "मैं लिंबूटिंबू हूँ."

आता त्या बॉलबद्दल. आपलं ते भांडण अर्धं राहिलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ. बॅटिंग माझी, माझ्यानंतर नंबर तुमचा. फैज़ानचा बॉल मी डाव्या हातानं सणकावला, तो कडुनिंबाच्या बाजूला गेला, तिथे निळ्या ताडपत्रीखाली सेक्रेटरीसाहेबांची बंद पडलेली स्कूटर उभी, तिच्या जवळ एक टप्पा पडला आणि तुम्ही वाकून, एका हातानं, अंगठा आणि दोन बोटांत, असा काही झेललात की पोरं नाचायलाच लागली. मी जागचा हललो नाही. बॉल आधी स्कूटरला लागला होता.

"लगी है! स्कूटर को लगी है!" मी ओरडत होतो.

"नहीं लगी," तुम्ही म्हणालात. शांतपणे.

"अरे लगी है आंटी, आवाज़ आई!" मी रागाच्या भरात तुम्हाला आंटीच म्हणालो. नंतर मराठीत आलो, शपथ घेतली, ताडपत्रीवर बॉलचा धुळीचा गोल डाग पडलाय का ते दाखवायला निघालो. तुम्ही आडव्या आलात. "नाही लागला, सुधीर. गप आऊट हो." पोरं दोन तट पाडून बोंबलत होती. फैज़ान माझ्या तोंडावर म्हणाला, "रडी का डाव, अंकल!" शेवटी निकालासाठी पीहूला शोधलं, तर तिला तिची आई दूध प्यायला उचलून घेऊन गेलेली. तेव्हा ठरलं, निकाल उद्या.

उद्या सकाळी बोर्ड लागला.

बोर्डाच्या आधी तक्रार झाली, तक्रारीच्या आधी फोन झाला. सेक्रेटरीसाहेबांनी थेट हैदराबादला अमेयला फोन लावला. माताजी वाकतात, धावतात, पडल्या तर ज़िम्मेदारी कौन लेगा? आणि तुमच्या त्या गुणी मुलानं, ज्याला तुम्ही या पोरांच्या वयात झाडावर चढू दिलंत, फोनवर तुमच्याकडून शब्द घेतला. आई, मी इथे एवढ्या लांब, मला झोप लागत नाही, नको खेळूस. झालं.

मी वर तुमच्या घरी आलो होतो भांडायला. तुम्ही मटार सोलत होतात. मी म्हणालो, हा काय चावटपणा आहे, बोर्ड उपटून टाकतो. तुम्ही म्हणालात, "अरे यार सुधीर, बस ना. पोरगा तिकडे घाबरतो. थोडे दिवस जाऊ दे, मग बघू." मी म्हणालो, त्याला झोप यावी म्हणून तुम्ही जागच्या हलायचं नाही? तुम्ही माझ्या हातात शेंगांची परडी दिलीत. "सोल. तोंडापेक्षा हात चालव." मी सोलत बसलो. खाली मैदान रिकामं. पोरं कठड्यावर ओळीनं बसून मोबाईल बघत होती आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात. बँकेत भल्याभल्यांना न जुमानलेली बाई तुम्ही, काकू, आणि शब्द पाळत बसलात! कुणी सांगितला होता एवढा खरेपणा? एक संध्याकाळ चोरून खेळला असतात तर हैदराबादला कोण कळवणार होतं? मी? जाताना मी दारातून म्हणालो, "आणि मी आऊट नव्हतो." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "निकाल बाकी आहे." नंतर जेव्हा जेव्हा आलो, आपला निरोप हाच.

तर शोकसभा. सेक्रेटरीसाहेबांनी रुमाल खिशात घातला आणि प्रस्ताव मांडला. आंटी जी की याद में या जागेवर वाटिका करायची. गुलाब, गवत, चारी बाजूंनी लोखंडी रेलिंग, आत जायला मनाई, दाराशी तुमच्या नावाचा दगड. "बेटे की इजाज़त हो तो." सगळ्यांनी अमेयकडे पाहिलं. बिचारा डोळे सुजलेला, मान हलवायच्या बेतात होता.

मी उभा राहिलो. माझा आवाज फाटला असणार, कारण जुईनं माझा सदरा ओढला. "वाटिका नहीं चाहिए. आंटी को फूल नहीं, ये मैदान चाहिए था. बच्चों को खेलने दीजिए."

सेक्रेटरीसाहेब दुखावल्यासारखे हसले. "सुधीर जी, उनके नाम के बगीचे का विरोध आप कर रहे हैं? आप तो उनके अपने थे. और फिर बोर्ड लगा क्यों? गेंद मेरे स्कूटर पर लगी थी. गवाह कौन है? आप! मैं बाल्कनी में खड़ा था, पूरी कॉलोनी ने सुना, आप गला फाड़कर कह रहे थे, लगी है, स्कूटर को लगी है."

ते खरं होतं, आणि त्याच क्षणी मला ती संध्याकाळ पुन्हा दिसली. तुम्ही 'नहीं लगी' म्हणालात तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हतात. तुम्ही वर बघत होतात, बाल्कनीकडे. ताडपत्रीजवळ मला जाऊ दिलं नाहीत ते त्यासाठी. तुम्हाला माझ्या विकेटची काही पडली नव्हती. तुम्ही मैदान वाचवत होतात आणि मी तुमच्यासमोर शपथा घेत होतो! आता मला सांगा, हे त्या वेळी सांगायला काय झालं होतं? डोळा मारायचा. पायावर पाय द्यायचा. नंतर मटार सोलताना तरी बोलायचं. 'निकाल बाकी आहे' म्हणे. एवढा मुत्सद्दीपणा कामाचा काय, जर आपल्याच बाजूच्या माणसाला पत्ता नाही? या गोष्टीचा राग मला कमिटीपेक्षा जास्त आला आहे आणि तो मी तुमच्यावरच काढणार.

तेवढ्यात अमेय उठला. "एक मिनिट," तो म्हणाला, मग माझ्याकडे वळून मराठीत, "सुधीरदादा, ही तीच कॅच का? आई रोज फोनवर सांगायची. स्वतःची तब्येत कधी सांगितली नाही, पण सुधीर आऊट आहे आणि निकाल बाकी आहे, हे रोज." त्यानं डोळे पुसले आणि सभेला विचारलं, "लिंबूटिंबू कौन है यहाँ?"

आईच्या मांडीवरून पीहूनं हात वर केला.

अमेय तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "बेटा, दिवाली वाली कैच याद है? गेंद स्कूटर को लगी थी?"

तिला आठवत होतं की नव्हतं, देव जाणे. तिनं तुमच्या फोटोकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग स्वतःचा एक हात वर उचलून बोटं मिटून दाखवली. "आंटी ने ऐसे पकड़ा था. एक हाथ से." आणि मग ठासून, "नहीं लगी. अंकल आउट."

काकू, तो हात तुमचाच होता. अंगठा आणि दोन बोटं. मी तिथेच रडायला लागलो असतो, पण मला काम होतं. मी खाकरलो आणि सगळ्या कॉलनीच्या देखत म्हणालो, "मंज़ूर है. मैं आउट हूँ."

"मतलब?" सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

"मतलब स्कूटर को नहीं लगी, अंकल," फैज़ान मागून म्हणाला. शोकसभेत हसू नये म्हणून लोक खोकायला लागले.

अमेय सेक्रेटरींकडे वळून म्हणाला, "मम्मी के नाम पर कुछ करना ही है तो ये बोर्ड हटा दीजिए." 'कमेटी में रखेंगे' असं उत्तर मिळालं. कमिटीत ते अजून ठेवलेलंच आहे. पण वाटिकेचं नाव कुणी काढत नाही, कारण मुलानं इजाज़त दिली नाही. अमेयवरचा माझा राग त्यामुळे अर्धा उतरला. उरलेला अर्धा तसाच राहू दे. त्याला तुमचा फोन रोज यायचा, आणि तरी तुम्हाला काय हवंय ते त्याला कळलं नाही.

काल संध्याकाळी खेळलो. बोर्ड काढला नाही, त्यालाच स्टंप केलं. उंची अगदी बरोबर आहे. मैदानात जाऊन मी त्या दिवशीसारखा बॅट घेऊन उभा राहिलो, तर जुई मागून ओरडली, "पापा, आप आउट हो. बैट रखो." मी बॅट खाली ठेवली. कुणी उचलेना. पुढचा नंबर कुणाचा होता, हे प्रत्येकाला आठवत होतं. फैज़ान बॉल हातात फिरवत होता. पीहू बोर्डाला टेकून उभी होती.

मग जिन्यावरून अमेय उतरला. पायात ते कॅन्व्हसचे बूट, त्याचेच जुने, तुमच्या पायांनी रुंद झालेले. येऊन त्यानं बॅट उचलली आणि उजव्या हातानं उभा राहिला. सगळी पोरं एकदम किंचाळली, "लेफ्टी, भैया, लेफ्टी!" त्यानं हात बदलले. फैज़ाननं धाव घेतली आणि डोक्यावर विमानाचा आवाज आला. सगळे थांबले. पीहूनं टाटा केला. विमान अमौसीकडे उतरून जाईपर्यंत अमेय तसाच बॅट धरून उभा होता, आणि मी कडुनिंबाखाली, तुमच्या जागेवर.

निकाल मला मान्य आहे. कमिटीनं विचारलं, अमेयनं विचारलं, उद्या कुणी तांब्याभर गंगाजल हातात देऊन विचारलं, तरी मी नाही लागला असंच सांगेन. पण ताडपत्रीचा आवाज आला होता, काकू. तुम्हीही ऐकला होतात.